भीती वाटते म्हणजे विश्वास कमी आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्या भगिनी लहानपणापासून मंडळीत वाढलेल्या असून रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांचे वडील रात्री झोपेतच वारले. तेव्हापासून दिवे मालवले की त्यांची छाती धडधडू लागते आणि घरातले कोणीतरी सकाळी उठणारच नाही, असे वाटत राहते. त्या रोज रात्री एक्याण्णवावे स्तोत्र म्हणतात. मध्येच लक्ष विचलित झाले किंवा एखादा शब्द चुकला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात आणि हे कधी कधी तासभर चालते. एका ज्येष्ठ विश्वासणाऱ्यांनी त्यांना सांगितले की, खरा विश्वास असेल तेथे भीती राहूच शकत नाही. माझा विश्वास खोटा आहे का, ही भीती कशी जाईल, आणि अशा मनःस्थितीत मी मुलांना शिकवावे का, असे त्यांनी विचारले आहे.

भगिनी, पाळकीय समुपदेशनात मी अनेक वर्षे घालवली आहेत आणि या ज्येष्ठांनी उच्चारलेले वाक्य मी फार वेळा ऐकले आहे. ते सद्भावनेने म्हटले जाते, परंतु शास्त्राला धरून नाही. पलिष्ट्यांनी दावीदाला गथ येथे पकडले होते, त्या प्रसंगाच्या छप्पन्नाव्या स्तोत्रात तो म्हणतो की, मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. भीती आणि भरवसा एकाच वाक्यात, एकाच माणसाच्या तोंडी, एकाच वेळी आहेत. भीती ओसरल्यावर भरवसा ठेवीन, असे तो म्हणत नाही. भीती हाच त्याच्या भरवशाचा प्रसंग आहे. कशाविषयीही चिंता करू नका, असे फिलिप्पैकरांस लिहिणारा पौल त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आपला सहकारी इपफ्रदीत याला परत पाठवताना कबूल करतो की, तो तुमच्यापर्यंत पोहोचला म्हणजे माझे दुःख हलके होईल. करिंथकरांस तर तो उघडच लिहितो की, मासेदोनियात आल्यावर आम्हांला बाहेर भांडणे होती आणि आत भीती होती. गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला, आपला जीव मरणप्राय खिन्न झाला आहे असे त्याने शिष्यांना सांगितले, आणि हा प्याला टळावा म्हणून विनंती केली. निर्भयता हेच विश्वासाचे माप असते, तर त्या रात्री झोपी गेलेल्या तीन शिष्यांचा विश्वास सर्वांत मोठा ठरला असता.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: तुमचा विश्वास खोटा नाही. शास्त्र ज्या भीतीविरुद्ध बोलते, ती मनात उठणारी भीती नव्हे. भीतीने आपल्या वतीने निर्णय घ्यायला सुरुवात केली, देवापेक्षा तिचे जास्त ऐकले जाऊ लागले, म्हणजे प्रश्न उभा राहतो. छातीतली धडधड हे पाप नाही. तिच्यामुळे तुम्ही काय करू लागला आहात, एवढेच तपासायचे आहे आणि तेथे मला एक्याण्णवाव्या स्तोत्राविषयी थोडे सविस्तर बोलावे लागेल.

हे स्तोत्र अतिशय सुंदर आहे आणि आजारपणात व संकटात ते म्हणण्याची मंडळीची परंपरा फार जुनी आहे. तरीही याच स्तोत्राचा शास्त्रात झालेला एक वापर लक्षात ठेवण्याजोगा आहे. येशूच्या परीक्षेच्या वेळी सैतानाने त्याला मंदिराच्या शिरोभागी उभे केले आणि देव तुझ्याविषयी आपल्या दूतांना आज्ञा देईल, तुझा पाय धोंड्यावर आपटू नये म्हणून ते तुला हातांवर झेलतील, ही याच स्तोत्रातली वचने उद्धृत केली. वचन खरे होते. त्याचा उपयोग खोटा होता. देवाने हे केलेच पाहिजे, मी ही कृती केली की त्याला ते करावेच लागेल, असा हिशेब त्यामागे होता आणि परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नकोस, एवढे बोलून येशूने तो नाकारला. तुमच्या मनात देवाची परीक्षा पाहण्याचा विचारही नसेल, हे मी जाणतो. परंतु एखादा शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावीशी वाटते, तेव्हा नकळत असे गृहीत धरले जाते की स्तोत्र बिनचूक म्हटले तरच घरातली माणसे सुरक्षित राहतील, आणि चुकले तर जे घडेल त्याला मी जबाबदार असेन. हा भार कोणत्याही माणसाला पेलणारा नाही. शिवाय देव शब्द मोजत बसला आहे आणि एक निसटला तर घरावरचे आपले संरक्षण काढून घेणार आहे, असे देवाचे जे चित्र त्यामागे उभे राहते, ते येशूने दाखवलेल्या पित्याचे नाही.

पुन्हा पुन्हा प्रार्थना करणे चूकच आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. गेथशेमानेत येशूने तिसऱ्यांदाही त्याच शब्दांत प्रार्थना केली, असे मत्तय नोंदवतो. फरक एवढाच की तो पित्याशी बोलत होता. तुमचे अवधान मात्र हळूहळू पित्याकडून शब्दांकडे, आणि शब्दांकडून आपल्याच मनाकडे वळले आहे: आता बरे वाटते का, अजून नाही, मग आणखी एकदा. जखम भरली का ते पाहण्यासाठी सारखी खपली काढावी, तसे हे होते. म्हणूनच इतकी प्रार्थना करूनही भीती घटत नाही, उलट प्रत्येक रात्री आदल्या रात्रीपेक्षा थोडे जास्त म्हणावे लागते.

अशा मनोवस्थेत तुम्ही एकट्या नाही. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर मठात संन्यासी असताना आपली पापे कबूल करण्यात तासन्‌तास घालवत असे आणि तेथून बाहेर पडताच एखादे राहून गेले का या शंकेने पुन्हा व्याकूळ होत असे. त्याचा आध्यात्मिक मार्गदर्शक योहान फॉन श्टाउपित्स याने त्याला आणखी बारकाईने आत्मपरीक्षण करायला सांगितले नाही. स्वतःकडे पाहणे थांबवून ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहा, असे सांगितले. पाळकाच्या दृष्टीने मला हा सल्ला आजही अचूक वाटतो.

आता देवाच्या अभिवचनाकडे वळू, कारण भरवसा नेमका कशावर ठेवायचा हे ठरल्याशिवाय तो ठेवता येत नाही. भिऊ नको हे शब्द शास्त्रात तीनशे पासष्ट वेळा, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एकदा, आले आहेत असे संदेशांतून वारंवार सांगितले जाते. मोजायला बसले तर तो आकडा जुळत नाही, आणि त्याची गरजही नाही. हे शब्द किती वेळा आले आहेत यापेक्षा त्यांच्या पाठोपाठ काय येते, हे पाहावे. यशयाच्या एकेचाळिसाव्या अध्यायात भिऊ नकोस याला जोडून दिलेले कारण आहे, मी तुझ्याबरोबर आहे. त्रेचाळिसाव्या अध्यायात तर तू पाण्यातून चालशील, अग्नीतून जाशील, असे गृहीतच धरलेले आहे आणि तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, एवढेच वचन आहे. तेविसाव्या स्तोत्रात सुरुवातीला दावीद परमेश्वराविषयी बोलतो: तो मला हिरव्या कुरणांत बसवतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. परंतु मृत्युच्छायेच्या दरीत पाऊल पडताच तो परमेश्वराशी बोलू लागतो: तू माझ्याबरोबर आहेस. दरी टळलेली नाही; बोलण्याची दिशा बदलली आहे.

काहीच वाईट होणार नाही, असे अभिवचन देवाने कोठेही दिलेले नाही आणि जे शिक्षक ते देवाच्या नावाने देतात ते भीतीचेच बी पेरतात. कारण पहिला मृत्यू घरात आला की ऐकणाऱ्याला वाटते, एक तर देव खोटा किंवा माझा विश्वास खोटा. प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय मी अशा वेळी उघडतो. त्याच अध्यायात, त्याच हेरोद राजाच्या हातून, योहानाचा भाऊ याकोब तरवारीने मारला जातो आणि पेत्राला देवदूत तुरुंगातून बाहेर काढतो. पेत्राने जास्त चांगली प्रार्थना केली म्हणून तो वाचला, असे लूक कोठेही सुचवत नाही. देवदूत आला तेव्हा तर पेत्र झोपला होता. दानीएलाच्या पुस्तकातले तिघे तरुण नबुखद्नेस्सराला सांगतात की आमचा देव आम्हांला भट्टीतून सोडवण्यास समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवले तरी आम्ही तुझ्या मूर्तीला दंडवत घालणार नाही. या ‘तरी’वर मला वाटते सगळा ख्रिस्ती भरवसा उभा आहे. तुमच्या रात्रीच्या प्रार्थनेत तो ‘तरी’ अजून आलेला नाही, आणि तो येणे कठीण आहे, हे मी मान्य करतो. कारण तुमच्या बाबतीत एकदा नको ते घडून गेले आहे.

म्हणून तुमच्या वडिलांविषयी. तुमच्या पत्रात भीतीचे वर्णन पानभर आहे आणि वडिलांविषयी एकच ओळ आहे. लाजराच्या मरणानंतर मार्था आणि मरीया या दोघी बहिणींनी वेगवेगळ्या वेळी येऊन येशूला तेच वाक्य ऐकवले: प्रभुजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. त्यात श्रद्धा आहे आणि तक्रारही आहे. येशूने दोघींपैकी एकीलाही त्याबद्दल दटावले नाही; मार्थेला तो पुनरुत्थानाविषयी बोलला आणि मरीयेबरोबर तो रडला. तुम्ही हे वाक्य वडिलांच्या नावासकट देवापुढे कधी उच्चारले आहे का? दोन वर्षे रात्रभर पहारा देणाऱ्या पुष्कळ माणसांत मी हे पाहिले आहे की, भूतकाळातला निरोप घ्यायचा राहून गेलेला असतो आणि सगळी शक्ती भविष्यातल्या मृत्यूला अडवण्यात खर्च होत असते. शोक करायला विश्वासात पुरेशी जागा आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याला आशेचे शेवटचे कडवे कोणी जोडलेले नाही, तरी ते शास्त्रात आहे.

मरणाच्या भीतीविषयी इतिहासातला एक प्रसंग सांगतो. १७३६ च्या जानेवारीत जॉन वेस्ली जहाजाने अमेरिकेतील जॉर्जियाकडे निघाला होता. तो दीक्षित पाळक होता, कडक शिस्तीने उपास-प्रार्थना करणारा होता आणि त्याला मरणाची भीती वाटत होती. त्याच जहाजावर मोरेव्हियन पंथाची जर्मन कुटुंबे होती. त्यांची उपासना चालू असताना समुद्र जहाजावर चढला, मुख्य शिडाच्या चिंध्या झाल्या, इंग्रज प्रवाशांत किंकाळ्या उठल्या, आणि जर्मन लोक शांतपणे स्तोत्र गात राहिले. वेस्लीने नंतर त्यांच्यापैकी एकाला विचारले, तुम्हांला भीती वाटली नाही का? नाही, असे उत्तर आले. तुमच्या बायकामुलांना? आमच्या बायकामुलांना मरणाची भीती नाही. वेस्लीने आपल्या रोजनिशीत वादळाआधीची एक गोष्टही नोंदवली आहे, जी सांगताना बहुतेक जण वगळतात: इतर प्रवाशांची जी हलकी कामे कोणीही इंग्रज करायला तयार नव्हता, ती हे लोक मोबदला न घेता करत होते आणि कोणी अपमान केला तरी उलट उत्तर देत नव्हते. त्यांचा धीर वादळाच्या क्षणी उत्पन्न झालेला नव्हता. रोजच्या उपासनेत आणि रोजच्या सेवेत तो आधीच घडलेला होता. वेस्लीला स्वतःला ख्रिस्तावरच्या भरवशाची खात्री मिळायला १७३८ चा मे महिना उजाडावा लागला, म्हणजे त्यानंतरही दोन वर्षांहून अधिक काळ गेला, आणि त्या काळात तो पाळकाचे काम करतच होता.

आता रात्री काय करायचे ते सांगतो. दिवसा, उजेडात, एक वही घ्या आणि भीती नेमक्या शब्दांत लिहा. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी प्रथम लिहिले होते, ‘काहीतरी वाईट होईल’. यावर प्रार्थना करता येत नाही, कारण ‘काहीतरी’ला आकार नसतो. पुन्हा विचारल्यावर त्यांनी लिहिले, ‘आईने दुसऱ्यांदाही फोन उचलला नाही तर ती न्हाणीघरात पडली असेल आणि मी वेळेवर पोहोचणार नाही’. या वाक्यातला आईच्या तोलाचा प्रश्न डॉक्टरांना विचारण्याजोगा होता, न्हाणीघरात धरायला दांडा बसवणे हे घरातल्या माणसांचे काम होते, आणि उरलेले, म्हणजे मी प्रत्येक वेळी पोहोचू शकत नाही हे सत्य, तेवढे देवाच्या हाती सोपवायचे होते. तुमच्या घरातही कोणाला हृदयाचा त्रास असेल किंवा वडिलांच्या मृत्यूचे कारण आनुवंशिक असण्याची शक्यता असेल, तर तपासणी करून घेणे हे अविश्वासाचे लक्षण नाही. जे आपल्या हातात आहे ते करून मोकळे व्हावे. प्रार्थनेला त्याची जागा घ्यायला लावू नये.

रात्री प्रार्थना एकदाच करा, आपल्या साध्या शब्दांत, घरातल्या माणसांची नावे घेऊन, आणि आमेन म्हणून थांबा. एक्याण्णवावे स्तोत्र काही काळ सकाळच्या मननासाठी ठेवा. आमेननंतर मन म्हणेल की ते नीट झाले नाही, लक्ष नव्हते, पुन्हा म्हण. तेव्हा म्हणू नका. पहिल्या काही रात्री अस्वस्थता वाढेल, हे आधीच सांगून ठेवतो. ती शिगेला पोहोचते आणि मग आपोआप उतरते, आणि ती तशी उतरते हा अनुभव शरीराला मिळणे फार आवश्यक आहे. आपण यथायोग्य प्रार्थना कशी करावी हे आपल्याला ठाऊक नसते, तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय सांगतो. तुमच्या प्रार्थनेतल्या चुका दुरुस्त करणारा दुसरा कोणी आहे. धडधड फारच वाढली तर छप्पन्नाव्या स्तोत्रातली ती एकच ओळ श्वासाबरोबर मनात आणा: श्वास घेताना ‘मला भीती वाटेल तेव्हा’, आणि सावकाश सोडताना ‘मी तुझ्यावर भरवसा ठेवीन’. दोनचार श्वासांपुरतेच, मोजू नका, आणि तिचाही नवा विधी होऊ देऊ नका. उठून कोणाचा श्वास चालू आहे का हे पाहण्याची सवय लागली असेल, तर तीही हळूहळू सोडावी लागेल.

जी लक्षणे तुम्ही लिहिली आहेत, त्यांत पुन्हा पुन्हा तेच शब्द अचूक म्हणण्याची सक्ती आहे. अशी सक्ती ओसीडी म्हणजे मंत्रचळ या आजारात आढळते. तुम्हांला तोच आजार आहे असे मी पत्रावरून म्हणणार नाही. ते मानसोपचारतज्ज्ञाने पाहून ठरवायचे असते. मात्र हे दाखवून घ्या, असे मी आग्रहाने सांगतो. सोबत साध्या डॉक्टरांकडून थायरॉइडची तपासणीही करून घ्या, कारण त्या ग्रंथीचे काम प्रमाणाबाहेर वाढले तरी अशीच धडधड आणि थरथर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभर ३० कोटींहून अधिक लोकांना चिंताविकार होता आणि अशा रुग्णांपैकी साधारण चारांतील एकालाच उपचार मिळतात. विश्वासणाऱ्यांच्या बाबतीत त्यात लाजेची भर पडते. ईजबेलीच्या धमकीने भ्यालेला एलीया जीव घेऊन पळाला आणि रतामाच्या झुडपाखाली मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्याला प्रथम झोप दिली, मग भाकर आणि पाणी, मग पुन्हा झोप, आणि दुसऱ्यांदा अन्न. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलला ते त्यानंतर. जो देव झोप आणि भाकर वापरतो, तो समुपदेशन आणि औषधही वापरतो. जीव नकोसा वाटण्याइतकी अवस्था कधी झाली तर मात्र सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी घरच्यांना उठवा आणि वैद्यकीय मदत घ्या.

आणखी एक गोष्ट, जी मला या सगळ्याच्या मुळाशी दिसते. पूर्ण प्रीती भीती घालवून देते, हे योहानाच्या पहिल्या पत्रातले वचन पुष्कळांना पाठ असते, पण त्यापुढे योहान कारण देतो की भीतीचा संबंध शिक्षेशी आहे, आणि त्याआधी तो न्यायाच्या दिवसाविषयी बोलत असतो. म्हणजे ज्या भीतीला प्रीती हाकलते, ती देव मला शिक्षा करील ही भीती आहे. वडील गेले त्या रात्री मी प्रार्थना न करता झोपले होते, किंवा त्या दिवशी त्यांच्याशी कठोर बोलले होते, असे काही तुमच्या मनात दडलेले असेल, तर ते एखाद्या विश्वासू पाळकापाशी किंवा प्रौढ भगिनीपाशी एकदा मोठ्याने बोलून टाका. शिक्षेचा हिशेब वधस्तंभावर चुकता झाला आहे, हे तुम्ही मुलांना शिकवत असाल. ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून, तुमच्या त्या एका गोष्टीविषयी, स्वतःसाठी ऐकण्याची वेळ आली आहे. मंडळी असते ती याचसाठी.

मुलांना शिकवावे की नाही, हा तुमचा शेवटचा प्रश्न. वर्ग सोडू नका. गिदोनाला बआलाची वेदी मोडून टाकण्याची आज्ञा झाली, तेव्हा घरच्यांच्या आणि गावकऱ्यांच्या भीतीने दिवसा ते करण्याचा त्याला धीर झाला नाही, म्हणून त्याने ते रात्री केले, असे शास्त्यांचे पुस्तक सरळ नोंदवते. ते रात्री केले म्हणून कमी मानले गेले नाही, आणि इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाच्या माणसांत त्याचे नाव आहे. काही आठवडे सोबतीला दुसरी शिक्षिका घ्या, म्हणजे झोप न झालेल्या दिवशी तुमच्यावर ताण येणार नाही. देवावर विश्वास ठेवला की भीती वाटत नाही, असे मात्र मुलांना यापुढे शिकवू नका. त्यांच्यातही कोणीतरी रात्री जागे राहणारे असेल. त्यांना वादळाची गोष्ट मार्काच्या शुभवर्तमानातून सांगा, जेथे घाबरलेले शिष्य येशूला उठवतात, गुरुजी, आम्ही बुडतो याची आपल्याला पर्वा नाही का, असे काहीशा उद्धटपणेच विचारतात, आणि तो आधी वारा थांबवतो व विश्वासाविषयीचा प्रश्न त्यांना नंतर विचारतो.